गर्दीची रंगीत तालीम

टेलिफोन उचलावा, नंबर फिरवावा आणि पलीकडच्या माणसाच्या आवाजाऐवजी तो तुटक तुटक, किरकिरा सूर कानी पडावा, की माणूस काय करतो? चरफडत रिसीव्हर खाली ठेवतो, दोन क्षण थांबतो आणि लगेच पुन्हा तोच नंबर फिरवतो. सवय तशी क्षुल्लक. तिच्यात काही इतिहास दडला असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु 'आज आपले जाळे ठीक चालले आहे. उद्या त्याच्यावर दीडपट, दुप्पट भार आला तर काय होईल?' या एका प्रश्नामागे जे गणिती आणि इंजिनिअर शंभरांहून अधिक वर्षे लागले आहेत, त्यांच्या कथेत हा पुन्हा नंबर फिरवणारा माणूस सारखा आडवा येतो. त्याला हिशेबातून वगळले म्हणून एकदा हिशेब सोपा झाला. आणि पुढे एकदा, त्याच्याकडे पुरते लक्ष दिले नाही म्हणून सारे जाळेच बसले.

कथेची सुरुवात डेन्मार्कमध्ये होते. जटलंड प्रांतातील लोनबोर्ग या खेड्यात १८७८ साली एका शाळामास्तरांच्या घरी आग्नेर क्रारूप एर्लांग जन्मला. पोर इतके हुशार की चौदाव्या वर्षीच विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसले. वय कमी म्हणून त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. १९०१ साली गणित घेऊन एम.ए. झाल्यावर एर्लांग काही वर्षे शाळांतून शिकवीत राहिला. गणितप्रेमी मंडळींच्या बैठकांना तो जात असे. तेथे त्याची गाठ येन्सेन या गृहस्थांशी पडली. हे येन्सेन मोठे गणिती. पण पोटासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर. त्यांच्या ओळखीने १९०८ साली एर्लांग कंपनीत आला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला.

कंपनीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. दोन एक्स्चेंजांच्या मध्ये तारा किती टाकाव्यात? कमी टाकल्या तर ग्राहक शिव्या देतात. जास्त टाकल्या तर तांबे जमिनीखाली नुसते पडून राहते आणि भागधारक शिव्या देतात. एर्लांगने या प्रश्नाला संभाव्यतेचे गणित लावले. नुसते टेबलाशी बसून नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तारांतले प्रवाह मोजण्यासाठी तो रस्त्यावरच्या भुयारांत उतरत असे आणि शिडी घेऊन एक कामगार त्याच्यामागून चालत असे. १९०९ आणि १९१७ साली त्याचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतली सूत्रे पुढे ब्रिटिश पोस्ट खात्यापासून सर्वांनी उचलली. स्वारी अविवाहित, मितभाषी. १९२९ साली एक्कावन्नाव्या वर्षी वारली. १९४६ साली टेलिफोनच्या भाराच्या एककाला 'एर्लांग' हे नाव देण्यात आले.

हे एकक समजायला सोपे आहे. एक तार तासभर अखंड बोलण्याने भरलेली असली, तर तिच्यावरचा भार एक एर्लांग. समजा, दोन गावांमध्ये दहा तारा आहेत आणि भार पाच एर्लांगचा आहे. म्हणजे सरासरीने निम्म्या तारा रिकाम्या. एर्लांगचे सूत्र सांगते की शंभरांतले दोनदेखील कॉल फुकट जाणार नाहीत. भार सहावर गेला की शंभरांत चार फुकट जातात. सातवर गेला की जवळजवळ आठ. आणि भार दहावर गेला, म्हणजे दुप्पट झाला, की एकवीस! भार दुप्पट, पण निराश होणाऱ्यांचे शेकडा प्रमाण जवळजवळ बारापट. त्रैराशिकाची सवय लागलेल्या आपल्या मनाला हे पटत नाही. चार मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ मजूर ती चार दिवसांत बांधतील, असे शिकतच आपण मोठे झालो. गर्दीला त्रैराशिक लागू पडत नाही, ही गोष्ट आकड्यांनिशी दाखवून दिली ती प्रथम या शाळामास्तरच्या मुलाने.

मात्र सूत्र मांडताना त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पहिली ही की टेलिफोन करणारी माणसे एकमेकांना विचारून टेलिफोन करीत नाहीत. प्रत्येकाची लहर स्वतंत्र. दुसरी ही की ज्याला तार मिळाली नाही तो मुकाट्याने निघून जातो. पुन्हा नंबर फिरवीत नाही! इतका सुशील ग्राहक कोपनहेगनमध्ये तरी होता की नाही कोण जाणे. आपल्याकडे तर ट्रंक कॉल नोंदवून तास तास वाट पाहणारी, मधेच 'ऑर्डिनरी'चा 'अर्जंट' करून घेणारी आणि तरीही ऑपरेटरला दर दहा मिनिटांनी विचारणारी एक पिढीच होऊन गेली. पण जेथे शंभरांत दोनचार कॉलच फुकट जातात, तेथे परत येणारे थोडे असतात आणि सूत्र चालून जाते. गर्दी वाढली की परत येणारेच गर्दी करू लागतात. तेथे सूत्राची लंगडी बाजू दिसते.

दुसरीही एक अडचण होती. एक्स्चेंज मोठे झाले, त्यात टप्प्यामागून टप्पे आले. एका टप्प्यावर वाट मोकळी तर पुढच्या टप्प्यावर बंद, अशी गुंतागुंत झाली. तिची समीकरणे मांडता येत, पण सुटत नसत. मग इंजिनिअरांनी निराळी युक्ती काढली. समीकरण सुटत नसेल तर खेळ मांडावा आणि काय होते ते पाहावे. इंग्रजीत याला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत प्रतिरूपण, अनुकरण असे जड शब्द सुचवले जातात. मला विचाराल तर 'रंगीत तालीम' हा शब्द पुरेसा आहे. नाटकाच्या तालमीत प्रेक्षक नसतात; येथे गर्दीच लटकी असते, एवढाच फरक.

दिवाळीच्या सुटीत घरात मुले जमली असतील तर हा खेळ सापशिडीच्या फाशांवर खेळून पाहता येईल. एक तांबडा फासा घ्या, एक पांढरा. आणि टेबलावर एक तिकिटाची खिडकी काढा. प्रत्येक डाव म्हणजे एक मिनिट. खिडकीपाशी कोणी असेल तर आधी पांढरा फासा टाकायचा. एक ते चार पडले तर पुढच्या माणसाचे काम झाले, एक बटण उचलून बाजूला ठेवायचे. मग तांबडा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर नवा माणूस आला, म्हणून रांगेत एक बटण वाढवायचे. त्याची पाळी पुढच्या मिनिटाला. दर मिनिटाच्या शेवटी बटणे मोजून लिहून ठेवा. दोनतीनशे डावांनंतर सरासरी काढली तर ती पाऊण बटणाच्या आतच, दोनतृतीयांशाच्या आसपास, येईल. आता भार दीडपट करा. तांबड्यावर एक, दोन, तीन यांपैकी काहीही पडले तरी माणूस येतो असे धरा. सरासरी दीड बटणाकडे सरकेल. माणसे दीडपट, रांग सव्वादोनपट! आणि भार मूळच्या दुप्पट केला, म्हणजे तांबड्यावरही एक ते चार धरले, तर? खिडकी जितक्यांना वाटेला लावते तितकेच सरासरीने येतात; तेव्हा रांग जागच्या जागी राहील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती वाढत, ओसरत, पुन्हा अधिक वाढत जाते आणि टेबलावरची बटणे संपतात. ज्या मिनिटाला कोणी आले नाही ते मिनिट खिडकीला साठवून ठेवता येत नाही, म्हणून असे होते. हे गणिताने सिद्ध करता येतेच; पण बटणे संपताना पाहिलेले मूल ते विसरत नाही.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने हाच खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला. १९५३ साली तिच्या नियतकालिकात तिघा इंजिनिअरांनी 'थ्रोडाऊन मशीन' नावाच्या यंत्राचे वर्णन केले. नाव ऐकूनच फाशांचा पट डोळ्यांसमोर यावा. नव्या तऱ्हेच्या एक्स्चेंजवर भार वाढवला तर ते कोठे अडेल, हे पाहण्यासाठी खोट्या कॉलांचा वर्षाव करणारे हे यंत्र. खऱ्या शहराचे टेलिफोन दोन तास बंद पाडून प्रयोग करता येत नाही. लटके शहर बंद पडले तर कोणाचे डॉक्टरला बोलावणे अडत नाही.

याच सुमारास या विद्येला एक जुगारी नावही मिळाले होते. स्टानिस्लाव उलाम हा पोलंडचा गणिती १९४६ साली मोठ्या आजारातून उठत असताना एकट्याने पत्त्यांचा 'पेशन्स' खेळत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, याचे गणित तो मांडू लागला आणि कंटाळला. शंभर डाव खेळावेत आणि किती सुटले ते मोजावे, हे सोपे नव्हे काय? ही कल्पना त्याने जॉन फॉन नॉयमन याला सांगितली. त्या वेळी अणूच्या पोटातल्या न्यूट्रॉनांचे हिशेब अडले होते आणि नवे विद्युत्-गणकयंत्र हाताशी आले होते. उलामचा एक काका माँटे कार्लोच्या जुगारअड्ड्यावर जाण्यासाठी नातेवाइकांकडून उसने पैसे घेत असे. त्यावरून पद्धतीला 'माँटे कार्लो' हे नाव पडले. आजारी माणसाने पत्ते खेळू नयेत असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग अशा तालमी मांडण्यासाठी संगणकाच्या भाषाच निघाल्या. आय.बी.एम.मध्ये जेफ्री गॉर्डन याने १९६१ साली जी.पी.एस.एस. ही भाषा तयार केली. ऑस्लोमध्ये क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान दाल यांनी 'सिम्युला' रचली. रांगा, खिडक्या, गिऱ्हाइके यांचे खेळ मांडायला केलेल्या या नॉर्वेजियन भाषेपासून पुढे संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याची एक सबंध नवी रीत जन्मली, ती कथा वेगळी.

आता टेलिफोनची तार सोडून आपण संगणकांच्या जाळ्याकडे येतो. येथे बोलणे नसते, निरोप असतात. निरोपाची पुडकी बांधायची, प्रत्येक पुडके नाक्यानाक्यावरून पुढे सरकवायचे, नाक्यावर गर्दी असेल तर रांगेत ठेवायचे, आणि शेवटच्या ठिकाणी पुडकी पुन्हा जुळवायची. ही कल्पना अमेरिकेत रँड संस्थेतल्या पॉल बॅरन याने आणि इंग्लंडमध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या डोनल्ड डेव्हिस याने स्वतंत्रपणे मांडली. बॅरनला धास्ती अणुयुद्धाची होती. निम्मी नाकी उद्ध्वस्त झाली तरी निरोप पोहोचेल काय? शार्ला बोएम या बाईंच्या साहाय्याने त्याने संगणकात असे जाळे उभे केले, त्याची नाकी तोडली आणि निरोप वाट शोधीत जातात असे दाखवले. १९६४ साली हे प्रसिद्ध झाले. बड्या टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांना ते पटले नाही ते नाहीच.

लेनर्ड क्लाइनरॉक याने १९६२ च्या आपल्या प्रबंधात अशा जाळ्याचे गणित केले, तेव्हा तो एका विलक्षण अडचणीत सापडला. लांब निरोप एका नाक्यावर वेळ खातो, तसाच तो पुढच्या प्रत्येक नाक्यावर खातो. त्यामुळे एका रांगेचे सुखदुःख दुसरीला चिकटते आणि समीकरणे सुटेनाशी होतात. मग त्याने धाडस केले. प्रत्येक नाक्यावर निरोप आपली जुनी लांबी विसरतो आणि नवी धारण करतो, असे खुशाल धरले! हे उघड उघड खोटे होते. परंतु टी.एक्स.-२ नावाच्या संगणकावर त्याने खऱ्या लांबीचे निरोप घेऊन तालीम केली आणि या खोट्यातून निघालेले उत्तर खऱ्याच्या पुरेसे जवळ आहे असे दाखवले. तालमीचा हा मला सर्वांत आवडणारा उपयोग. गणिताने मारलेली थाप पचते की नाही, हे ती सांगते. या गणितातला सर्वांत साधा नियम असा की वाट अर्धी भरली असली तर निरोपाला मोकळ्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के भरली की दहापट. पंचाण्णव टक्के भरली की वीसपट. नव्वदवरून पंचाण्णववर जाणे म्हणजे किती थोडे, आणि वाट पाहणे दुप्पट!

डेव्हिसला इंग्लंडभर जाळे पसरायचे होते. सरकारने ते पसरू दिले नाही. त्याच्या हाती राहिली प्रयोगशाळेपुरती जोडणी. तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी ते देशव्यापी जाळे संगणकातच चालवले आणि भार वाढवीत नेला. एका मर्यादेपर्यंत जितका भार घालावा तितके निरोप पोहोचत. त्या मर्यादेपलीकडे भार वाढवला की पोहोचणारे निरोप वाढायचे थांबत एवढेच नव्हे, तर उलट कमी होत. नळ अधिक सोडावा आणि बादलीत पाणी कमी पडावे, तसे. यावर डेव्हिसने सुचवलेला तोडगा आपल्या रेल्वेतल्या लोकांना लगेच उमजेल. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरला टोकनचा गोळा हाती पडल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नसे. तसेच जाळ्यात ठराविक परवाने फिरत ठेवावेत आणि परवाना हाती आल्यावाचून पुडके आत घेऊ नये.

अमेरिकेतले आर्पानेट तोवर प्रत्यक्ष उभे राहिले होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता, पण पहिली दोन अक्षरे जाताच पलीकडचा संगणक कोसळला. जाळे बांधणाऱ्यांपैकी रॉबर्ट कान याला एक शंका छळत होती. एका निरोपाची अनेक पुडकी ठरलेल्या जागी जमायची असतात. अनेक निरोपांची निम्मीनिम्मी पुडकी येऊन बसली आणि जागा संपली तर? पंगतीत निम्मे वऱ्हाड पाटांवर बसून म्हणते, आमची बाकीची मंडळी आल्याशिवाय वाढू नका. आणि बाकीची मंडळी दारात उभी, कारण आत एकही पाट रिकामा नाही. सहकाऱ्यांना हे संभवनीय वाटेना. १९७० च्या सुरुवातीला कान लॉस एंजेलिसला गेला, तेथून मुद्दाम भार सोडला, आणि अवघ्या चार नाक्यांचे ते जाळे त्याने सांगितल्याप्रमाणे कुलूप लागल्यासारखे बंद पडले. भविष्य वर्तवणाऱ्याने ते स्वतःच खरे करून दाखवावे, असे ज्योतिषांत सहसा घडत नाही.

एवढ्या तालमी झाल्यावर पुढचे सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण आता आपला जुना ओळखीचा माणूस पुन्हा रंगमंचावर येतो, तो यंत्राच्या वेषात. संगणकांना शिकवलेले होते की निरोप पाठवल्यावर ठराविक वेळात पोच आली नाही, तर तो हरवला असे समजून पुन्हा पाठवावा. एर्लांगने वगळलेला तो हट्टी ग्राहक हाच! माणूस निदान कंटाळतो. संगणक कंटाळत नाही. गर्दी झाली की पोच उशिरा येते. उशीर झाला की संगणक निरोपाची दुसरी प्रत पाठवतो. त्या प्रतीने गर्दी वाढते. शेवटी तारांतून अखंड वाहतूक चाललेली असते, पण ती बहुतेक पोहोचलेल्याच निरोपांच्या प्रतींची. जॉन नेगल याने १९८४ च्या जानेवारीत ही आपत्ती नीट वर्णन करून ठेवली होती आणि तिला 'कोंडीने कोसळणे' अशा अर्थाचे नावही दिले होते.

१९८६ च्या ऑक्टोबरात ती खरी झाली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यातली वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चाळीस बिटांवर आली. चाळीस बिट म्हणजे रोमन लिपीतली पाच अक्षरे. निरोप चिठ्ठीवर लिहून चालत नेऊन दिला असता तर लवकर पोहोचला असता. प्रयोगशाळेतला व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातला माइकेल कॅरल्स कारण शोधायला बसले. रांगांच्या जुन्या गणितातच ते सापडले. वाट पाऊण भरली असताना पोच येण्याचा वेळ सोळापट इतका कमीजास्त होऊ शकतो. आणि संगणक तर दुप्पटतिप्पट उशीर झाला की निरोप हरवल्याची बोंब ठोकत होते. १९८८ साली दोघांनी उपाय प्रसिद्ध केला. हळू सुरुवात करावी, पोच येत गेली तर वेग वाढवावा, आणि पुडके हरवले तर जाळ्याला दोष न देता आपणच वेग निम्मा करावा. आज जगभरचे संगणक जे सौजन्य पाळतात, त्याचे मूळ या निबंधात आहे.

येथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या सुधारणेने जाळे वाचले, पण तालीम मांडणाऱ्यांचे काम अवघड झाले. आता गर्दी जाळ्याकडे पाहून वागू लागली होती. पूर्वी एखाद्या रस्त्यावरची कालची वर्दळ मोजून, तीच आकडेवारी दीडपट करून नव्या रस्त्याच्या नमुन्यात ओतली की भागे. आता कालची वर्दळ कालच्या रस्त्याकडे पाहून ठरलेली. नवा रस्ता रुंद असता तर तीच माणसे वेगळी वागली असती. म्हणून लटकी पुडकी सोडून चालेना, लटके सौजन्यही नमुन्यात घालावे लागले. भारतातून बर्कलीला शिकायला गेलेल्या श्रीनिवासन केशव यांनी १९८८ साली 'रिअल' नावाचा नमुना केला तो अशाच अभ्यासासाठी. पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरलेला 'एन.एस.' हा नमुना त्याच्यातूनच वाढला.

एर्लांगची दुसरी समजूत उरली होती. माणसे एकमेकांना विचारून गर्दी करीत नाहीत, ही समजूत खरी असेल तर मोठ्या समुदायात लहान चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. तासाभराची सरासरी पाहिली तर रेषा सपाट दिसते. अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेत १९८९ पासून १९९२ पर्यंत कार्यालयाच्या जाळ्यावरून जाणारे एकेक पुडके मोजले गेले. लेलँड, ताक्कू, विलिंजर आणि विल्सन या चौघांनी ते आकडे तपासले, तर रेषा सपाट होईना! सेकंदाच्या शंभराव्या भागाचा आलेख घ्या, सेकंदाचा घ्या, मिनिटाचा घ्या. तेच डोंगर, त्याच दऱ्या. समुद्राच्या लाटेवर लहान लाट आणि तिच्यावर आणखी लहान लाट असावी, तसे. १९९३ साली हे प्रसिद्ध झाल्यावर किती नमुन्यांच्या पायाखालची वाळू सरकली असेल याची कल्पना करावी.

या चौघांनी मोजमापाला जे परिमाण वापरले, ते आले होते नाईल नदीवरून. हॅरल्ड हर्स्ट हा इंग्रज १९०६ साली ईजिप्तला गेला आणि नाईलच्या पुरांचा अभ्यास करीत तेथेच मुरला. त्याचा प्रश्न असा की धरण किती मोठे असावे, म्हणजे ते कधी ओसंडणार नाही आणि कधी कोरडे पडणार नाही? कैरोजवळच्या रोडा बेटावर नदीची पातळी मोजण्याचा जुना खांब आहे; तेथल्या नोंदी इसवी सनाच्या सातव्या शतकापासूनच्या. त्या चाळताना त्याला दिसले की सुकाळाची वर्षे सुकाळाजवळ आणि दुष्काळाची दुष्काळाजवळ घोळक्याने येतात; फासे टाकल्यासारखी सुटी सुटी येत नाहीत. १९५१ साली त्याने हे मांडले. १९७२ च्या दुष्काळाआधीची वर्षे ज्यांनी महाराष्ट्रात काढली, त्यांना हे सांगायला ईजिप्तचा दाखला लागणार नाही. नाक्यावर पुडक्यांसाठी राखलेली जागा म्हणजे तरी दुसरे काय, लहानसे धरणच. वर्दळ घोळक्याने येत असेल, तर जुन्या सूत्राने बांधलेले धरण अपुरे पडते.

व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड या दोघांनी लांबच्या मार्गांवरची वर्दळ तपासून हेच पुन्हा दाखवले. नंतर १९९७ साली, तालीम करणाऱ्यांच्याच वार्षिक परिषदेत, त्यांनी एक निबंध वाचला. त्याच्या नावाचा अर्थ असा: 'इंटरनेटची तालीम कशी करावी हे आम्हाला का कळत नाही'. पुजाऱ्यांच्या सभेत उभे राहून देव कोठे आहे ते ठाऊक नाही म्हणण्यासारखेच हे. त्यांचे म्हणणे असे की हे जाळे ठिकठिकाणी वेगळे आहे आणि रोज बदलते; आज ज्या वर्दळीचा नमुना कराल ती नमुना तयार होईपर्यंत जुनी झालेली असेल; म्हणून एकच आकडा काढून त्यावर विसंबू नका, गृहीते बदलून बदलून पाहा आणि कोणते निष्कर्ष तरीही टिकतात ते शोधा. २००१ साली हाच निबंध सुधारून पुन्हा छापला गेला, तेव्हा त्याचे नाव 'इंटरनेटच्या तालमीतील अडचणी' असे सौम्य झाले होते. मला पहिले नाव अधिक आवडते. सॅली फ्लॉइड २०१९ साली निवर्तल्या.

त्यानंतर सातच महिन्यांनी, २०२० च्या मार्चमध्ये, कोणीही लिहून न ठेवलेला प्रयोग सबंध जगावर झाला. टाळेबंदीने माणसे घरी बसली आणि कचेऱ्या, शाळा, सिनेमे सारे घरच्या तारांवर आले. मध्य युरोपातल्या मोठ्या जोडणीकेंद्रांवरची वाहतूक आठवड्याभरात पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढली. आकडा लहान दिसतो. पण हे वाढ महिन्यांच्या हिशेबाने होईल असे धरून तारा टाकणारे लोक. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी युरोपीय संघाच्या विनंतीवरून चित्रांची स्पष्टता उतरवली, म्हणजे वाटेवरचे ओझे कमी केले. एरवीही चित्रपट दाखवणारे संगणक गर्दी दिसली की आपण होऊन चित्र थोडे धूसर करतात. एर्लांगचा तो सुशील ग्राहक अखेर सापडला, तो यंत्रांत. जाळे काही ठिकाणी कुरकुरले, पण बसले नाही.

वाहतुकीचे आलेख नंतर तपासणाऱ्या संशोधकांना आकड्यापेक्षा आकार अधिक चमत्कारिक वाटला. कामाच्या दिवशी रेषा संध्याकाळी चढायची आणि सुटीच्या दिवशी सकाळी नऊदहापासूनच, इतकी ती वर्षानुवर्षे शिस्तीत होती की नुसती रेषा पाहून वार ओळखावा. मार्चच्या मध्यापासून बुधवार रविवारासारखा दिसू लागला.